माझी ज्वारी, तुझी भाकर

सोनपेठ,
४ जानेवारी २०२५

सुलाबाई,

तुम्ही मला पाहिलेलं नाही, मी तुम्हाला पाहिलेलं नाही, तेव्हा खुशाली विचारायचं नाटक नको. मी राजेश्री, महारुद्र यांची बायको. पुण्यात तुमच्या शेजारच्या खोलीत आठ माणसं राहतात आणि तुमच्या हातचं जेवतात, त्यातले सोनपेठचे उंच, डाव्या भुवईवर खूण असलेले वॉचमन, ते माझे मालक. ही ओळख तुम्हाला करून द्यायची गरज नव्हती हे मला माहीत आहे. तरी दिली.

चिठ्ठी ज्वारीच्या पोत्यात घातली आहे. पोतं ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतं, तिथून त्यांच्या खोलीचा हिशेब बघणारे गोपीचंदभाऊ खांद्यावर टाकून खोलीवर आणतात आणि त्याचं तोंड तुम्ही सोडता. हे मालकांनीच मला सांगितलं. "निवडायचं, दळायचं, समदं सुलाबाई बघती," म्हणाले. फोन केला असता, पण तुमचा नंबर मागितला तर कशाला म्हणून विचारतील आणि कशाला ते मला धड सांगता येणार नाही.

आता मुद्द्याचं. दिवाळीला ते दोन दिवस घरी आले होते. मी नवी ज्वारी नव्हे, कणगीतली जुनी, गोड झालेली काढली, स्वतः दळून आणली आणि तव्यावरची पहिली भाकर त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी तुकडा मोडला, चावला आणि म्हणाले, "सुलाबाई जरा पातळ थापती." वाईट हेतूने नाही म्हणाले. तेच तर वाईट आहे. सहज म्हणाले. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरं काहीतरी बोलायला लागल्या. त्या दिवसापासून मी परातीत पीठ घेतलं की तुम्ही माझ्या शेजारी उभ्या असता. भाकर जाड झाली तर तुम्ही हसता, पातळ करायला गेले तर फाटते, तेव्हाही तुम्हीच हसता.

ही ज्वारी मी पेरली आहे. राखण मी केली, काढली मी, पाखडली मी, पोतं मी शिवलं. आणि भाकर तुमच्या हातची. नाव तुमचं होतं.

आणखी एक. रविवारी ते व्हिडिओ कॉल करतात. फक्त रविवारी, बाकीचे दिवस नुसता आवाज. दर रविवारी आंघोळ झालेली, केस ओले, भांग पाडलेला, अंगात धुतलेला शर्ट. एवढे नटून कुणासाठी बसतात? माझ्यासाठी म्हणावं तर मी इथे शेणाच्या हाताने फोन धरलेली असते. आणि मागे बांगड्या वाजतात. आठ पुरुष काही बांगड्या घालत नसतील.

लग्नाला आमच्या तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी आम्ही ऊसतोडीला गेलो होतो. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मला ते काम झेपलं नाही, मीच म्हटलं की पुन्हा फडात यायची नाही, त्यापेक्षा पुणं बरं. म्हणून ते पुण्याला आले. पण मला मागे ठेवून आले. दोन वर्षं मी विचारते आहे, मला कधी नेता? दर वेळी एकच उत्तर, "खोली मिळंना." पुण्यात आभाळाला लागतील एवढ्या इमारती उभ्या आहेत असं तेच सांगतात आणि दोघांपुरती एक खोली मिळत नाही. खोली मिळेना की माझी गरज वाटेना, हे मला कळलं पाहिजे.

रिकामं पोतं गोपीचंदभाऊ ट्रॅव्हल्सच्या क्लीनरच्या हाती परत पाठवतात. त्यात चार ओळी टाका. खऱ्या टाका.

राजेश्री


सोनपेठ,
९ फेब्रुवारी २०२५

सुलाबाई,

तुमची चिठ्ठी मिळाली. तुम्ही वालूरच्या आहात, मालक बजरंग रंगकाम करतात, खोलीतल्या सगळ्यांची तुम्ही वहिनी लागता, हे कळलं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या आहात तेही कळलं. पण मी जे विचारलं त्याचं उत्तर एका ओळीत उरकलंत. "तुमचे मालक साधे हायेत, मनात काई आनू नका." साधे आहेत हे तुम्ही मला सांगताय? माझ्या नवऱ्याचा स्वभाव मला परक्या बाईकडून पोत्यात घालून यावा?

म्हणून मी एक गोष्ट केली आणि आता ती सांगते. मागच्या पोत्यात मी तुमच्यासाठी चिठ्ठी टाकली नव्हती. ज्वारी मात्र बदलली होती. आमची रब्बीची पांढरी ज्वारी कणगीतच ठेवली आणि पोत्यात हायब्रीड भरली, कणसात असताना पावसात भिजून काळी पडलेली. ती आम्ही म्हशीला घालतो. तिची भाकर काळपट होते, कडवट लागते आणि दुसऱ्या घासाला माणूस विचारतो की हे काय वाढलं. वालूरच्या आहात, तुम्हाला हे सांगायला नको. पोतं उघडल्याबरोबर तुम्ही ओळखलं असणार.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. ओले केस, भांग, सगळं नेहमीसारखं. मी विचारलं, ज्वारी कशी निघाली? म्हणाले, "एक नंबर. भाकर निस्ती पांढरीशुभ्र. असली ज्वारी पुण्यात मिळत न्हाई." मी पुन्हा विचारलं, गोड लागते ना? म्हणाले, "लय गोड."

म्हणजे माझी ज्वारी ते खातच नाहीत. मग कोणाची खातात? आणि माझी कोण खातं?

आता तुम्ही-बिम्ही पुरे. मी तुला सरळ विचारते. माझ्या नवऱ्याला तू वेगळी ज्वारी आणून वेगळं रांधून घालतेस का? बाकीच्या सात जणांना एक आणि त्यांना एक, असं आहे का? शेजारणीच्या सुनेने मला परवाच सांगितलं की तिच्या चुलत दिराने पुण्यात असंच दुसरं घर केलं आणि पोरगं झाल्यावर गावात कळलं. मी तिला म्हटलं आमचे तसले नाहीत. म्हणताना माझा आवाज बारीक झाला.

सोबत हुरड्याची पिशवी आहे. पिशवीवर तुझंच नाव टाकलं आहे, लपवाछपवीचा मला कंटाळा आला. हुरडा भाजून खा, बजरंगभाऊंना दे. आमच्या ह्यांना देऊ नको. आणि उत्तर दे.

राजेश्री


सोनपेठ,
२७ फेब्रुवारी २०२५

सुला,

तुझं उत्तर मी चार वेळा वाचलं. एकदा अंगणात, मग गोठ्यात जाऊन, मग परत. सासूबाईंनी विचारलं, कुणाची चिठ्ठी? मी म्हटलं बँकेची.

दसऱ्यापासून ते त्या खोलीत राहतच नाहीत, असं तू लिहिलंस. घरमालकाने भाडं वाढवलं, प्रत्येकाचा वाटा वाढला, तेव्हा ते म्हणाले, "माझी वळकटी काढा, पेटी तेवढी राहू द्या." आता दिवसा एका सोसायटीच्या गेटवर आणि रात्री दुसऱ्या बांधकामावर उभे असतात. वेगवेगळ्या दोन एजन्सी, दोन युनिफॉर्म. मधल्या वेळात आणि रात्री जमेल तशी खुर्चीवर डुलकी घेतात. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापतात म्हणून आजारीही पडत नाहीत. दोन्ही वेळचं गाड्यावर खातात, वडापाव नाहीतर भजी. माझी ज्वारी पेटी ठेवण्याबद्दल आणि रविवारची आंघोळ न् कपडे धुण्याबद्दल खोलीच्या वाट्यात जाते. आंघोळ झाली की तिथेच बसून मला व्हिडिओ कॉल लावतात आणि तू मागे भांडी घासत असतेस. एवढं झालं की पुन्हा गेटवर.

म्हणजे काळी ज्वारी गोपीचंदभाऊंनी आणि बाकीच्यांनी खाल्ली. त्यांना माझ्याकडून माफी सांग. कुणी तक्रार केली नाही म्हणतेस, याचंच वाईट वाटलं.

खोलीचं डिपॉझिट साठवतायत, तुमाला आणायलाच समदं चाललंय, असं तू लिहिलंस आणि वर असंही की, "तुमी ऐकल्या ऐकल्या बसमदी बसतान म्हनून तुमाला सांगत न्हाईत." पौषात चक्कर येऊन पडले तेव्हा बजरंगभाऊंनी दवाखान्यात नेलं, सलाइन लावली, त्या दिवशी त्यांनी तुला आईची शपथ घातली की सोनपेठला कळू द्यायचं नाही.

मला रडू यायला पाहिजे होतं. आलंही. पण त्याच्या आधी जे आलं ते तुला सांगते, तू मला वाईट म्हण. आधी मला तुझा राग आला. पहिल्यापेक्षा जास्त आला. तू त्यांना वेगळं रांधून घालत असतीस तर मी तुझ्या नावाने बोटं मोडली असती, पोतं बंद केलं असतं, भावांना घेऊन आले असते. पण तुझं काहीच चुकलेलं नाही. आणि त्यांना चक्कर आली ते तुला माहीत, मला नाही. उपाशी कधी असतात ते तुला माहीत. त्यांच्या सलाइनच्या दिवशी मी इथे संक्रांतीच्या बांगड्या कुठल्या रंगाच्या भरायच्या ते त्यांना फोनवर विचारत होते. ते म्हणाले, हिरव्या भर.

मला गोड बोलतात आणि तुला खरं बोलतात. अदलाबदल कर. गोड तू घे.

राजेश्री


सोनपेठ,
१२ मार्च २०२५

सुला,

ज्वारीची काढणी झाली. मळणी दोन दिवसांत उरकते. मग मी येते.

त्यांना सांगायचं नाही. मलाही तुला शपथ घालता येते, पण तुझ्याकडे आधीच त्यांची एक आहे, दोन झेपायच्या नाहीत. नुसतं सांगू नको. सासूबाईंना मी माहेरी जाते म्हणून सांगितलं आहे. त्यांनी काही विचारलं नाही, पिशवीत मात्र लेकाच्या आवडीचं लोणचं घातलं.

सोसायटीचं नाव तू लिहिलं आहेस ते मी पाठ केलं आहे.

राजेश्री


सोनपेठ,
२ एप्रिल २०२५

सुला,

घरी नीट पोचले. तुझ्या घरून निघताना तुझ्याशी नीट बोलले नाही, कारण तुझ्यासमोर रडायचं नव्हतं. आता लिहिते. संध्याकाळचं तुला माहीत आहे, तू होतीस. दुपारचं माहीत नाही. त्यांनी तुला सांगितलं असेल तर मला सांगू नको.

मी रिक्षातून उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गेट केवढं मोठं, आमच्या गावाची कमान त्याच्याखालून जाईल. आत झाडं, कारंजं, आणि गेटच्या कडेला पत्र्याची उभी पेटी, त्यात एक खुर्ची. खुर्चीवर निळ्या कपड्यातला एक माणूस. मी त्याला वॉचमनला विचारते तसं विचारणार होते की महारुद्र कुठे असतात. मग त्याने मान वर केली. सुला, मी नवरा ओळखला नाही. गाल आत गेलेले, टोपी मोठी, कानावर आलेली. रविवारच्या फोनात नुसता चेहरा दिसतो, तोही ओला आणि हसरा. पाय दिसत नाहीत. बुटात पायांना सूज आली होती म्हणून नाड्या सोडलेल्या होत्या.

तेव्हा त्यांच्याजवळ सोसायटीतले एक साहेब उभे होते, मोटारीची जागा कुणी अडवली म्हणून बोलत होते. यांनी मला पाहिलं. डोळे एकदम ओळखीचे झाले आणि लगेच बंद झाले. पुण्याच्या स्वच्छ मराठीत मला विचारलं, "कोणाकडे जायचं आहे, मॅडम? फ्लॅट नंबर सांगा."

मी म्हटलं, "फ्लॅट न्हाई. मी वॉचमनकडं आले."

साहेबांनी माझ्याकडे, माझ्या पिशवीकडे आणि यांच्याकडे पाहिलं. विचारलं, तुमच्या कोण? आणि आमचे हे म्हणाले, "गावाकडच्या आहेत."

गावाकडच्या. सुला, सात जन्माच्या नात्याचं एवढंच नाव निघालं. साहेब वाईट नव्हते, म्हणाले, गेटवर बसवू नका, बाहेर थांबू द्या. मी रस्त्याच्या पलीकडे फुटपाथवर बसले. समोर हे उभे. मोटार आली की गेट उघडायचे, सलाम करायचे, गेट लावायचे. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका बाईलाही त्यांनी सलाम केला, मग मी बघायचं सोडलं.

नंतर तू आलीस. पदर खोचलेला, हाताला पीठ. मी तुला लगेच ओळखलं. तू म्हणालीस, "त्यांचा फोन आला, ती बसलीय तिला घेऊन जा म्हणून." मला भूक लागली होती, ऊन लागलं होतं, तरी त्या वाक्यानं जे लागलं ते वेगळंच. बायको समोर बसली आहे आणि माणूस फोन तुला करतो.

तुझ्या खोलीवर येईपर्यंत मी मनात एक गोष्ट धरून होते. वाटत होतं, जवळून पाहिल्यावर तू थोराड निघशील, नाहीतर दात पुढे असतील, काहीतरी असेल. नाही निघालं. चांगली आहेस दिसायला. हात तर फारच चांगले. परातीभोवती भाकर फिरवत होतीस तेव्हा मी तुझ्या मनगटांकडेच पाहत बसले. पातळ थापतेस हे खरं आहे. मी खाल्ल्यावर काही बोलले नाही ते तुला वाईट वाटलं असेल. चांगली होती म्हणून बोलले नाही.

शेजारची खोलीही पाहिली. सात माणसांच्या वळकट्या भिंतीला, दोरीवर दोन पाळ्यांचे कपडे, रात्रीच्या पाळीचे तिघं दिवसा पंखा लावून झोपलेले, त्यांच्या पायांवरून बाकीच्यांची ये-जा. पाण्याला टँकरची वाट, संडासाला रांग. आमची फडातली राहायची कोपी यापेक्षा मोठी नव्हती, पाचटाची होती, पण त्यात आम्ही दोघं होतो. मला वाटायचं, त्याहून वाईट काय असतं. ह्या खोलीत तर त्यांची नुसती पेटी राहते.

मग ते आले. दोन ड्युट्यांच्या मधला वेळ. दारातून आत आले, मला पाहून हसले, रविवारी हसतात तसंच. मी विचारणार होते, तेवढ्यात तू तव्यावरून मान न वळवता विचारलंस, "पाय कसा हाय?"

आणि ते तुला म्हणाले, "आज लय सुजलाय वैनी. उभं राहवंना."

मग मी विचारलं, "बरं हाय ना समदं?"

माझ्याकडे वळून म्हणाले, "मस्त हाय की. तू जेवलीस का?"

सुला, एका दमात. एकच तोंड. तू ऐकलंस आणि भाकर उलटायची विसरलीस, ती करपली, मला वास आला. मी तेव्हा जे बोलले ते तुझ्यासमोर बोलायचं नव्हतं, पण खोलीच एक होती. मी म्हणाले, "वैनीला सांगितलं ते मला सांगा. तेवढ्यासाठी आले मी एवढ्या लांब." ते म्हणाले, "अगं तुला कशाला उगं घोर." मी म्हणाले, "घोर मला द्या. तिला काऊन देताव? ती तुमची कोन हाय?"

तू त्या वेळी उठून बाहेर गेलीस. नळावर कुणी नसताना कळशी घेऊन गेलीस. ते मी पाहिलं.

तू बाहेर होतीस तेव्हा त्यांनी भिंतीला पाठ टेकली. बूट काढला, पायाकडे बघत बसले. मी पाय मांडीवर घेतला आणि दाबला. मग दुसरा. तेवढ्यात वेळ झाली, तपकिरी युनिफॉर्म चढवला आणि गेले. गेटवर तसं का म्हणाले ते जाताना दारात सांगितलं: घरचं माणूस गेटवर आलं तर एजन्सी दंड करते, दोनदा आलं तर जागा बदलते. कारण खरं असेल. पण मला गावाकडच्या म्हटलेलं ऐकू आलं ते आलंच.

रात्री तू मला आत जागा दिलीस आणि बजरंगभाऊ शेजारी पुरुषांत जाऊन झोपले. एवढ्या अडचणीत तुम्ही मला जागा केलीत. आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले, तुझ्याशी बोलले नाही. कारण तू चांगली आहेस. तू वाईट असतीस तर माझं काम सोपं होतं.

येताना त्यांना एवढंच सांगून आले की रविवारी आंघोळ करून फोन लावायचा असेल तर लावू नका. घामाचं तोंड दाखवणार असाल तर कधीही लावा. तेव्हापासून एकही फोन नाही. हा रविवार गेला, तोही नाही.

तुझ्याकडे येत असतील. येतात का? नको, लिहू नको. लिही.

राजेश्री


सोनपेठ,
१४ मे २०२५

सुला,

तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या मिळाल्या. पहिलीचं उत्तर दिलं नाही कारण त्यात तू लिहिलं होतंस की ते येतात, आंघोळ करतात, फोन हातात घेतात आणि परत खिशात ठेवतात, आणि तुला विचारतात, "काय बोलू तिला?" हे वाचून मला तुझा इतका हेवा वाटला की पोतं भरायला घेतलेलं तसंच ठेवलं. माझ्याशी काय बोलायचं तेही तुला विचारतात. तू काय सांगितलंस ते तू लिहिलं नाहीस. शहाणी आहेस.

दुसऱ्या चिठ्ठीत तू विचारलंस की मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला का आणि काय बोलले. गेटवरून आल्यावर त्यांचे डोळे लाल होते म्हणतेस, आणि पहिल्यांदाच तुला काही सांगितलं नाही, पेटी उघडली, बंद केली आणि गेले. तुला काळजी लागली आहे हे मला चिठ्ठीवरून कळतं. घाईत लिहिलेलं आहे, शेवटची ओळ वाकडी गेली आहे.

आला होता फोन. रविवार नव्हता. भर दुपारी आला, मी शेतात बांधावर होते. व्हिडिओच लावला होता. घामाचं तोंड, टोपी कपाळावर, मागे मोटारींचे हॉर्न. आधी बाहीने घाम पुसला. मला वाटलं, आता हसतील आणि म्हणतील मस्त हाय. मी मनाशी ठरवलं होतं की मस्त म्हणाले तर फोन बंद करायचा आणि पुन्हा कधी उचलायचा नाही. बोट तयार ठेवलं होतं.

हसले नाहीत. म्हणाले, "राजे, बस. मला सांगायचंय."

मी बांधावर बसले. ते बोलले. दोन मोटारी येऊन गेल्या, तेव्हा मधेच थांबले, गेट उघडलं, परत आले, तिथूनच पुढे बोलले. पुण्याला गेल्या दिवसापासूनचं बोलले. मधे रडले, मीही रडले. शेजारच्या शेतातली बाई येऊन विचारून गेली काय झालं म्हणून, मी तिला काही नाही म्हटलं. मग बोलता बोलता त्यांचा आवाज मोकळा झाला आणि ते माझ्यावर चिडलेसुद्धा, लग्नानंतर पहिल्यांदा. तू फडातून आलीस आणि पुणं पुणं केलंस, म्हणाले. मी म्हटलं, हो केलं. मला किती बरं वाटलं ते तुला कळणार नाही. बजरंगभाऊ तुझ्यावर रोज चिडत असतील.

रात्रीची ड्युटी ते सोडणार आहेत, हे तुला कळेलच, कारण परत खोलीत वळकटी टाकावी लागेल. त्यांना रोज एक वेळचं तरी तुझ्याकडचं जेवण दे. पांढरी ज्वारी पाठवते आहे, पैशाचं गोपीचंदभाऊंना विचारून ठरव. पुढे ते इकडे येतात की मी तिकडे, हे आमचं अजून ठरलेलं नाही. ठरलं की आम्ही दोघं मिळून कळवू.

तू माझ्या माणसाला सलाइनच्या दिवशी सांभाळलंस, त्यांचं मन हलकं व्हायला दुसरं कुणी नव्हतं तेव्हा तू होतीस. हे मी जन्मभर विसरणार नाही आणि तुला कधी माफही करणार नाही. दोन्ही खरं आहे.

आणि काय बोलले म्हणून विचारतेस. बरंच काही बोलले, सुला. कुठल्या इमारतीतलं, कुठल्या रात्रीचं, कशाची भीती वाटते, कुणाची आठवण येते. त्यातलं काही तुला आधी माहीत असेल, काही नसेल. कोणतं नाही ते मी तुला सांगणार नाही.

राजेश्री